वाकडेपणाला कारण हवं

मेहरूणचं बोर खाल्लेलं नाही असा जळगावकर सापडणं अवघड, आणि मेहरूणचं बोराचं झाड नीट पाहिलेलं आहे असा सापडणं त्याहून अवघड. हिवाळ्यात या गावाच्या नावाने जे फळ विकलं जातं ते पातळ सालीचं, पिकलं की तांबूस, चवीला आंबटगोड आणि उमराणपेक्षा लहान. महाराष्ट्रातल्या बोरांच्या जाती सांगताना उमराण, कडाका, छुहारा यांच्या जोडीला मेहरूणचं नाव येतं. गावाचं नाव अख्ख्या जातीला मिळावं हा मान मोठाच. पण बोरं घेताना आपली नजर पाटीत असते आणि बोरं पाडताना फांदीच्या शेंड्याकडे. बुंध्याकडे ती जात नाही. तिथे काटे असतात, विंचू असण्याची भीती असते, आणि खाण्यासारखं काही नसतं.

बुंध्याकडे बघणारी एक जमात मात्र आहे. तिला बोन्सायवाले म्हणतात. बी पेरून किंवा छाट कलम लावून बोन्साय करता येतो, पण त्यात बुंधा जाड व्हायलाच अर्धं आयुष्य जातं. म्हणून ही मंडळी रानात, बांधावर, पडक्या भिंतींवर आपोआप वाढलेलं झाड शोधतात, मुळासकट काढतात आणि कुंडीत जगवतात. अशा झाडाला जपानीत यामादोरी म्हणतात आणि आपल्याकडचे हौशीही आता सर्रास तोच शब्द वापरतात. शंभर झाडं उभी असताना यातलं कोणतं काढायचं, हा प्रश्न वरवर पाहता बागकामाचा वाटतो. मला तो रसग्रहणाचा वाटतो. कुदळ मारण्यापूर्वी जे करायचं ते निव्वळ वाचन आहे, आणि ते चुकलं तर पुढची वीस वर्षं तार गुंडाळून काही उपयोग होत नाही.

तेव्हा एक झाड वाचू या. मेहरूणपासून दक्षिणेकडे निघालं की जमीन हळूहळू चढत जाते. काळी माती विरळ होते आणि मुरूम लागतो. तिथल्या एका उतारावर गावठी बोर आहे. उंची माणसाच्या कमरेला लागेल इतकीच, पण बुंधा मांडीएवढा. काढण्याजोग्या झाडाची पहिली खूण ही. उंची आणि जाडी यांचा मेळ बसत नाही, म्हणजे मधे काहीतरी घडलेलं आहे.

वाचायला सुरुवात खालून करायची. नवखा माणूस आधी फांद्या पाहतो, पानं पाहतो, शेंडा कसा वळलाय ते पाहतो. ते सगळं नंतर. आधी गुडघ्यावर बसून बुंध्याभोवतीची माती बोटांनी उकरायची. झाड जमिनीतून कसं बाहेर येतं, मुळं चहूकडे फाकतात की एकाच बाजूला, यावर पुढचं सगळं अवलंबून. बोन्सायवाले या मूळफाकीला नेबारी म्हणतात आणि झाडाची अर्धी किंमत तिथेच ठरवतात.

बोराच्या बाबतीत ही पायरी ओलांडणं म्हणजे झाडाचा जीव घेणंच. बोराचं सोटमूळ खोल जातं आणि ते दुखावलेलं झाडाला सोसत नाही. म्हणूनच कलमी बोरांची बाग लावताना गावठी बोराचं बी जागेवरच पेरायचं आणि रोप मोठं झालं की तिथेच त्यावर डोळा भरायचा, अशी शिफारस असते. नर्सरीतून रोप आणून लावण्यापेक्षा ते भरवशाचं. शेतकऱ्याला उपयोगी असलेली ही गोष्ट बोन्सायवाल्याला इशारा देते. तापीकाठच्या गाळाच्या खोल काळ्या जमिनीतलं बोर खणायला घ्या. दोन फूट गेलं, तीन फूट गेलं, तरी एकच मूळ पहारीसारखं सरळ खाली. बाजूला तंतुमुळं नावालाही नाहीत. तिथे करवत चालवली की हातात उरतो तो खुंटा.

आपलं झाड मुरमावर आहे. खाली टणक खडक, वर वीतभर माती. सोटमुळाला थोडंसं खाली गेल्यावर खडक लागला, ते आडवं वळलं, फुटलं आणि फाटे घेऊन पसरलं. कुंडीसाठी जशी पसरट मुळं हवी असतात तशी ती खडकाने घडवून ठेवली आहेत. उताराच्या बाजूची माती दर पावसाळ्यात थोडी थोडी वाहून गेली, म्हणून त्या अंगाला मुळं उघडी पडलीत, उन्हाने त्यांवर बुंध्यासारखीच भेगाळ साल आली आहे. चढाच्या बाजूची मुळं अजून मातीत आहेत. झाडाची समोरची बाजू कोणती, हा बोन्सायमधला वादाचा विषय इथे वादाचा उरत नाही. पावसाने तो सोडवला आहे.

आता बुंधा. मांडीएवढ्या जाडीपासून तो झपाट्याने निमुळता होतो आणि वाटेत तीनदा दिशा बदलतो. पहिलं वळण जमिनीपासून वीतभर अंतरावर. तिथे जुना घाव आहे, एका पातळीत, तिरपा, सपाट. हा कुऱ्हाडीचा. शेताला काट्यांचं कुंपण करायला बोराच्या नि बाभळीच्या फांद्या तोडतात, त्यातलाच एखादा. घावाच्या कडेने सालीने गुंडाळी घालून अर्धी जखम झाकत आणली आहे, मधलं लाकूड उघडं, राखाडी आणि अजून घट्ट. घावाखालचा एक डोळा जागा झाला आणि उजवीकडे निघाला, म्हणून बुंधा उजवीकडे गेला.

दुसरं वळण वेगळं आहे. तिथे एक घाव नाही, तिथे गाठ आहे. बारीक काटक्यांची, खुडलेल्या शेंड्यांची, पुन्हा फुटलेल्या डोळ्यांची. हे बकरीचं काम. बकरी शेंडा खाते, खालचे दोन-तीन डोळे फुटतात, पुढच्या वेळी तेही खाते. असं वर्षानुवर्षं चाललं की झाड उंच व्हायचं सोडून रुंद आणि दाट होत जातं. बोराला प्रत्येक पेरावर काट्यांची जोडी, एक सरळ आणि एक आकड्यासारखा वाकलेला. दाटी वाढली की मधल्या शेंड्यापर्यंत बकरीचं तोंड पोचेनासं होतं. मग एके वर्षी एक फांदी त्या काटेरी गराड्यातून निसटून वर जाते. आपल्या झाडाचा वरचा भाग म्हणजे ती निसटलेली फांदी. ती डावीकडे झुकली, कारण उजवीकडून तोडलं जात होतं आणि उजेड डावीकडे मोकळा होता.

तिसरं वळण शेंड्याजवळ. तिथला मूळ शेंडा वाळून गेलाय. टोकदार, करडा, हाताने वाकवला तरी मोडत नाही. जळगावचा पारा मे महिन्यात पंचेचाळीसच्या घरात जातो, आणि खाली वीतभर माती. एखाद्या उन्हाळ्यात झाडाने वरचा भाग सोडून दिला आणि खालच्या फांदीवर गुजराण केली. बोन्सायमध्ये असं वाळकं टोक मुद्दाम सोलून, पांढरं करून दाखवतात आणि त्याला जिन म्हणतात. इथे ते आयतं आहे. कोकणात असतं तर दोन पावसाळ्यांत कुजून गेलं असतं. खानदेशच्या कोरड्या हवेत बोराचं लाकूड टिकतं, फक्त वाळवीने गाठायला नको. विळ्याच्या पाठीने ठोकून पाहावं. भरीव आवाज आला तर आतून शाबूत.

हे झाड मला सुंदर वाटतं ते ते वाकडं आहे म्हणून नव्हे. त्याच्या प्रत्येक वाकण्याला कारण आहे, आणि ते कारण झाडावरच लिहिलेलं आहे, म्हणून. कुऱ्हाड, बकरी, ऊन. यातलं एकही वळण काढून टाकलं तर पुढचं वळण कळणार नाही. चांगल्या कथेत जशी घटनेतून घटना निघते तशी इथे जखमेतून दिशा निघते. नऊ रसांत हट्ट नावाचा रस नाही, नाहीतर या झाडाचा स्थायीभाव सांगणं सोपं झालं असतं.

कारणाचा हा मुद्दा मी उगाच ताणत नाही. बोन्सायवरचा सर्वांत जुना आणि सर्वांत बोचरा आक्षेप नेमका इथेच आहे, आणि तो जपानातूनच आलेला आहे. चौदाव्या शतकात योशिदा केन्को या भिक्षूने 'त्सुरेझुरेगुसा' नावाचं टिपणांचं पुस्तक लिहिलं, साधारण 1330 च्या सुमारास. त्यात हिनो सुकेतोमो या दरबारी माणसाची गोष्ट आहे. पाऊस आला म्हणून हा सुकेतोमो क्योतोच्या तोजी मंदिराच्या दारात थांबला. तिथे हातपाय वाकडे झालेले, व्यंग असलेले भिकारी जमले होते. आधी त्याला ते विलक्षण वाटले, बघण्याजोगे वाटले. थोड्या वेळाने त्याला वीट आला, आणि साधं, सरळ असणंच बरं असं वाटू लागलं. घरी गेल्यावर त्याला आपली कुंड्यांतली झाडं आठवली, हौसेने गोळा केलेली, चित्रविचित्र वाकलेली. आपण याच विद्रूपतेवर खूश होतो की काय, असं वाटून त्याने ती सगळी उपटून टाकली.

माणसांच्या व्यंगाकडे बघण्याची सुकेतोमोची नजर आज आपल्याला पटणार नाही, पटू नये. पण झाडांबाबतचा त्याचा प्रश्न टाळता येत नाही. नुसतं विचित्र आहे म्हणून झाड उचललं, तर बघणाऱ्याची हौस तेवढी दिसते आणि झाड त्यात कुठेच नसतं. जे विचित्र असतं त्याचा कंटाळाही लवकर येतो. सुकेतोमोला एका पावसात आला.

आपल्याकडच्या नर्सऱ्यांत इंग्रजी एस अक्षरासारखे वळवलेले फायकस रांगेने मांडलेले असतात. त्यांचं वळण साच्यातलं. कोवळी फांदी तारेने वळवली, जाड होऊ दिली, तार काढली. दहा झाडं शेजारी ठेवली तर दहाही वळणं एकाच उंचीवर. घाव नाही, अडथळा नाही, उजेडाकडे जाणं नाही. अशा झाडाला बोन्साय म्हणून विकणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण ते वाचायला घेतलं तर पहिल्या ओळीतच संपतं. रानातलं झाड निवडताना हाच निकष उलटा लावायचा. हे इथे का वळलं, असं विचारायचं. झाडाकडे उत्तर असेल तर पुढे जायचं.

जपानी पुस्तकं वाचून आपल्या रानात गेलेला माणूस आणखी एका ठिकाणी फसतो. पाइन आणि जुनिपर यांच्यावर तिथली बरीचशी परंपरा उभी आहे. पाइनच्या जुन्या, उघड्या लाकडातून नवा फुटवा सहसा येत नाही. म्हणून तिथे झाड निवडताना बुंध्याजवळ जिवंत हिरवी फांदी आहे का, हे आधी बघतात. नसेल तर बुंधा कितीही देखणा असो, सोडून देतात. बोराला ही अट लागत नाही. चिंचेला नाही, वडा-उंबराच्या कुळाला तर अजिबात नाही. ही झाडं उभ्या खोडातून, कापलेल्या तोंडाशी, कुठूनही फुटतात. कलमी बोरांची दर उन्हाळ्यात, एप्रिल-मेच्या सुमारास, झाड विश्रांतीत असताना जोरदार छाटणी करतात, कारण फळ नव्या फुटीवरच येतं. झाड बोडकं करून ठेवतात आणि पावसाळ्यात ते पुन्हा भरून येतं. बोन्सायवाल्याने यातून एवढंच घ्यायचं की खानदेशात झाड निवडताना फांद्या पाहायच्या नाहीत. एकही मनासारखी फांदी नसली तरी चालेल. फांद्या आपण दहा वर्षांत करू. बुंधा आणि मूळ आपण करू शकत नाही, तेवढंच विकत घ्यायचं आहे असं समजायचं.

फांद्यांनंतर येतं फळ. मेहरूणचं कलमी झाड बोन्सायसाठी फारसं उपयोगाचं नाही, हे लिहिताना जीभ थोडी अडखळते. कुंडीत पान लहान होतं, पेर आखूड होतं, पण फळ लहान होत नाही. दोन फुटी झाडाला उमराणचं बोर लागलं तर ते लहान मुलाने बापाचा फेटा बांधल्यासारखं दिसतं. मेहरूणचं फळ त्यामानाने सौम्य, तरी मोठंच. प्रमाण जुळतं ते शाळेबाहेर मिळणाऱ्या चण्यामण्या बोरांचं, ज्यांना बाजारात कुणी नाव देत नाही. जे फळ प्रसिद्ध ते कुंडीत बेढब, आणि जे बेनाम ते नेमकं.

तरीही एक प्रकारचं कलमी झाड मी घेईन, आणि इथे माझं बहुतेक बोन्सायवाल्यांशी जमत नाही. मेहरूणच्या जुन्या बागांच्या जागी आता वसाहती उभ्या राहिल्या आहेत. बाग मोडली की एखादं झाड कंपाउंडच्या कोपऱ्यात, गटाराच्या कडेला उरतं. छाटणी नाही, पाणी नाही. अशा झाडाच्या बुंध्याला जमिनीपासून थोड्या उंचीवर एक गोल फुगवटा असतो. खालची साल एक तऱ्हेची, वरची दुसऱ्या तऱ्हेची. हा कलमाचा सांधा. खाली गावठी बोर, वर मेहरूण. बोन्सायमध्ये दिसणारा सांधा हा दोष मानतात, आणि जपानी किंवा युरोपी झाडांच्या बाबतीत मानणं बरोबरही असेल. पण इथे तो झाडाच्या गोष्टीतला मुख्य प्रसंग आहे. कुणीतरी एका पावसाळ्यात रानटी रोपावर चाकूने साल उघडून डोळा बसवला, सुतळीने बांधला, आणि ते झाड बाजाराच्या कामाचं झालं. त्याच झाडाला पुढे कुणी विचारलं नाही तेव्हा खालच्या गावठी भागातून फुटवे आले आणि त्यांनी वरच्या मेहरूणला मागे टाकलं. एकाच बुंध्यावर बागायत आणि रान यांची ओढाताण दिसते. हा सांधा लपवण्यासाठी मातीत गाडणारे लोक मला कवितेतली बोलीभाषा प्रमाण करून छापणाऱ्या संपादकांसारखे वाटतात.

आता बोर सोडून भिंतीकडे. हा विषय मला बोराइतकाच, कदाचित जास्तच जवळचा आहे. यामादोरी म्हटलं की डोळ्यांपुढे डोंगराचा कडा येतो. आपल्याकडे खरा कडा म्हणजे जुनी भिंत. खानदेशातली धाब्याची घरं, म्हणजे मातीच्या सपाट छताची, दगडी जोती, पडक्या विहिरींचे काठ, पुलांचे कठडे, ही इथली यामादोरीची राने. साळुंक्या, बुलबुल, वटवाघळं उंबर-पिंपळाची फळं खातात आणि बी नेमकं फटीत टाकतात. तिथे माती जवळजवळ नसते. पावसाळ्यात ओल, उरलेलं वर्ष तापलेला दगड. पिंपळ तरीही रुजतो. मुळं चुन्याच्या, मातीच्या सांध्यांतून वाट काढत जातात, आणि झाड वर वाढण्याऐवजी बुडाशी फुगतं. दहा-पंधरा वर्षांत हातभर उंचीचा, पण बुडाशी मुठीहून जाड असा पिंपळ तयार होतो. कुंडीत हे करायला निगुतीने खपावं लागतं, भिंत फुकट करते.

याचंही वाचन करावं लागतं, आणि ते बोरापेक्षा वेगळं आहे. भिंतीवरच्या झाडाला पाठ नसते. समोरून पाहिलं तर मुळं झकास पसरलेली दिसतात, बाजूने पाहिलं तर सगळी एका प्रतलात चपटी. नवखा माणूस समोरून भुलतो, घरी आणून कुंडीत ठेवतो आणि मग झाड वळवून पाहिलं की त्याच्या लक्षात येतं की हे झाड म्हणजे पोस्टर आहे. म्हणून भिंतीवरचं झाड आधी कडेने पाहावं. बुंधा भिंतीपासून बाहेर आला आहे का, एखादं मूळ तरी कोपऱ्यावरून वळून दुसऱ्या बाजूला गेलंय का. कोपऱ्यावरचा, कमानीच्या खांद्यावरचा पिंपळ सरळ भिंतीवरच्या पिंपळापेक्षा नेहमी बरा.

आणि मुळांच्या मिठीत वीट आली तर ती सोडवू नये. विटेसकट लावावं. खडकाला धरून वाढलेलं झाड ही बोन्सायमधली मानाची शैली आहे, त्यासाठी लोक दगड विकत आणतात. जुन्या घराची, हाताने थापलेली वीट त्या दगडापेक्षा कितीतरी जास्त बोलते.

पिंपळाचं एक वैगुण्य मान्य करायला हवं. त्याचं पान मोठं, देठ लांब, आणि कुंडीतही ते प्रमाणात येत नाही. नांदरूक, म्हणजे बारीक पानांचा फायकस, या बाबतीत कितीतरी सरस, वडही बरा. पान पाहून निवडायचं तर पिंपळ पहिल्या फेरीतच बाद होईल. पण लांब देठामुळेच पिंपळाचं पान वारा जाणवत नसतानाही हलतं, आणि हा गुण दीड फुटी झाडातही तसाच उतरतो. बाकी सगळे बोन्साय स्थिर असतात. हा एकटा सळसळतो. मी त्यासाठी प्रमाणातली चूक पत्करीन. ज्याला शिस्तीची आवड आहे त्याने नांदरूक घ्यावा.

लोकांचा अनुभवही पिंपळाच्या बाबतीत मजेचा येतो. पिंपळ तोडायला कुणी धजत नाही, भिंतीला तडा गेला तरी. 'तुम्ही घेऊन जाता का' म्हणायला मात्र घरमालक एका पायावर तयार, वर चहा देतात. तोच माणूस पुढे कुंडीतलं झाड पाहून, खुरटलेलं झाड घरात ठेवलं की घराची वाढ खुंटते, असं बजावतो. आपल्या घरातून निघालेलं झाड दुसऱ्याच्या घरी खुंटलेलं त्याला चालतं.

बाकीच्या झाडांचा निकाल थोडक्यात लावता येईल. चिंच उत्तम. पान बारीक, साल लवकर म्हातारी दिसते, उन्हाला कंटाळत नाही. रस्त्याकडेला बकऱ्यांनी खाल्लेली चिंच दिसली तर थांबावं. बाभूळ दिसायला बोराइतकीच नाट्यमय, पण सोटमुळाचा प्रश्न तिथे आणखी बिकट, मुरमावरची असेल तरच विचार करावा. पळस फुलला की मोह होतो, पण त्याचं पान ताटलीएवढं, म्हणजे कुंडीत एक झाड आणि चार पानं. वेडी बाभूळ परकी आणि पसरणारी, ती काढताना मनाला काही लागत नाही, नवशिक्याने हात बसवायला तीच घ्यावी.

अंजनाला मात्र हात लावू नये. खानदेशच्या रानाची ओळख म्हणावी असं हे झाड, यावलच्या बाजूला सातपुड्याच्या कोरड्या उतारांवर वाढणारं. त्याचं रोप सुरुवातीची वर्षं सगळी ताकद मुळाला लावतं, खडकातल्या भेगेतून खोल ओल गाठतं, मग वर येतं. ते उपटून जगवणं जवळजवळ अशक्य. शिवाय यावल हे 1969 पासूनचं अभयारण्य आहे. तिथून काडी उचलणंही गुन्हा, आणि राखीव वनातून झाड काढण्याला 1927 चा भारतीय वन कायदा आड येतो. शहराच्या हद्दीत झाडांसाठी महाराष्ट्राचा 1975 चा वेगळा कायदा आहे, तिथे परवानगी वृक्ष प्राधिकरणाची. बांधावरचं बोर बांधाच्या मालकाचं. कुंपणाबाहेर आहे म्हणून ते कुणाचंच नाही, असं शहरातल्या हौशी मंडळींना वाटतं, शेतकऱ्याला तसं वाटत नाही.

कायद्याच्या पलीकडचा एक हिशेबही आहे. जपानात इतोइगावासारख्या ठिकाणी कड्यांवर वाढलेले शिम्पाकु जुनिपर गेल्या शतकात दोरांना लोंबकळून काढले गेले, काहींनी त्यात जीव गमावला. त्या झाडांचे बोन्साय आज जगातल्या सर्वांत देखण्या झाडांत गणले जातात. पण कड्यांवर तशी झाडं आता उरली नाहीत म्हटलं तरी चालेल. चांगल्या डोळ्यांनीच ती संपवली. वाईट झाड कुणी काढत नाही. म्हणजे निवड जितकी रसिक, तितकं रानातलं उत्तम तेवढं आधी जाणार. या पेचातून माझ्या मते एकच वाट आहे. झाड वाचून झालं, पसंत पडलं, की कुदळ घेण्यापूर्वी त्याच्या जागेचं काय होणार ते विचारायचं. जागा राहणार असेल तर झाड राहू द्यायचं.

म्हणून उतारावरचं ते बोर, इतकं वाचून, मी काढणार नाही. त्याच्या उतारावर अजून कुणी खुंट्या ठोकलेल्या नाहीत, आणि तो बुंधा ज्यांनी घडवला त्या बकऱ्या अजून तिथे येतात. काढायची ती प्लॉट पाडलेल्या शेतातली झाडं, रुंद होणाऱ्या रस्त्याच्या कडेची, पाडायला काढलेल्या वाड्याच्या भिंतीवरची. तरसोद ते फागणे महामार्ग चौपदरी होताना रस्त्याकडेची किती झाडं गेली ते त्या रस्त्याने जाणाऱ्यांनी पाहिलं आहे. त्यातली कमरेएवढी, खुरटी, कुणाच्या गणतीत नसलेली झाडं जेसीबीच्या एका फटक्यात ढिगात गेली. ती वाचून ठेवलेली असती तर थोडी वाचवता आली असती.

ज्यांना हे करायचं आहे त्यांनी वेळ सांभाळावी. बोराची पानं उन्हाळ्यात झडलेली असतात. मे अखेरीस डोळे फुगायला लागले की, पहिल्या पावसाच्या तोंडावर ते काढावं. फांद्या आखडून, कापलेली मुळं ओल्या गोणपाटात गुंडाळून, विटांचा चुरा आणि जाड वाळू जास्त असलेल्या मिश्रणात लावावं, सावलीत ठेवावं. फुटवा दिसला म्हणून लगेच हलवून पाहू नये. साठवलेल्या रसावर खोड आधी फुटतं, मुळं नंतर येतात, आणि या मधल्या काळात अनेक झाडं हौसेने मारली जातात. वर्षभर त्याला कात्री नाही, तार नाही.

तुमच्या गल्लीतलं एखादं धाब्याचं घर या उन्हाळ्यात पडणार असेल, तर पाडकाम घेणाऱ्या ठेकेदाराला आजच गाठा आणि घरमालकाला विचारून ठेवा. पिंपळ भर मे महिन्यातही निघतो आणि जगतो.